क्रिप्टो कर्जयोजनेत पैसे ठेवण्यापूर्वीची तपासणी: कोणती, कशी आणि कोणत्या क्रमाने

‘तुमची क्रिप्टो नाणी आमच्याकडे ठेवा, आम्ही ती पुढे कर्जाऊ देऊ आणि तुम्हाला भरघोस व्याज देऊ’ असे सांगणाऱ्या योजनांमध्ये ज्यांचे पैसे अडकतात, ते चौकशी करतच नाहीत असे नाही. चौकशी होते, पण तिचा क्रम चुकतो. आधी व्याजदर पाहिला जातो, मग थोडी रक्कम ठेवून पहिले व्याज हाती पडते का ते पाहिले जाते, ते पडले की मोठी रक्कम जाते, आणि अटी व शर्ती मात्र पैसे काढणे थांबवल्याची सूचना आल्यावर वाचल्या जातात. योग्य क्रम जवळजवळ याच्या उलटा आहे. व्याज कोणाच्या खिशातून येणार, कागदोपत्री आपला हक्क काय, पैसे बाहेर कसे निघणार, हे आधी. दर सर्वांत शेवटी. पुढील टप्पे त्याच क्रमाने मांडले आहेत. एखाद्या टप्प्यावर समाधानकारक उत्तर मिळाले नाही, तर पुढच्या टप्प्याकडे जाऊ नये.

## पूर्वतयारी

तपासणी सुरू करण्यापूर्वी चार गोष्टी जागेवर हव्यात.

पहिली गोष्ट रकमेची. ‘बुडाले तरी चालेल एवढेच पैसे घाला’ हा सल्ला सर्रास दिला जातो, पण तो अपुरा आहे, कारण प्रत्यक्षात पैसे पूर्ण बुडण्याआधी दीर्घकाळ अडकून पडतात. सेल्सियस नेटवर्क या कंपनीने १२ जून २०२२ रोजी पैसे काढणे थांबवले आणि दिवाळखोरीच्या प्रक्रियेतून परतफेड सुरू व्हायला २०२४ साल उजाडले. म्हणून रक्कम ठरवताना, ही रक्कम दोन वर्षे हाताशी नसेल आणि शेवटी त्यातील काही भागच परत येईल, असे धरून आपले व्यवहार चालतील का, हे पाहावे. कर्ज काढून किंवा तातडीच्या खर्चासाठीचा निधी मोडून येथे पैसे ठेवणे कोणत्याही दराने परवडणारे नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे स्वतःचे वॉलेट, म्हणजे नाण्यांचा ताबा ठेवणारे अ‍ॅप किंवा उपकरण, ज्याचे परवलीचे शब्द केवळ तुमच्याकडे आहेत. योजनेतून काढलेली नाणी उतरवायला स्वतंत्र जागा असावी लागते, आणि ती जागा संकटाच्या दिवशी तयार करायला घेतली की हमखास चूक होते. ते शब्द कागदावर लिहून ठेवावेत; फोनमध्ये त्यांचे छायाचित्र काढून ठेवू नये.

तिसरी गोष्ट, योजनेसाठी वेगळा ईमेल पत्ता आणि प्रमाणीकरण अ‍ॅपवर आधारित दुहेरी पडताळणी. एसएमएसवर येणाऱ्या सांकेतिक क्रमांकावर विसंबू नये, कारण सिमकार्डाची बनावट अदलाबदल करून तो क्रमांक पळवता येतो.

चौथी गोष्ट साधी, पण सर्वांत जास्त टाळली जाते: नोंदवही. ज्या कंपनीशी करार होणार तिचे पूर्ण कायदेशीर नाव, नोंदणीचा देश, संकेतस्थळाचा नेमका पत्ता, ज्या तारखेला अटी वाचल्या ती तारीख आणि त्या दिवशीच्या अटींची जतन केलेली प्रत, एवढे त्यात असावे. अटी बदलतात आणि जुन्या अटी संकेतस्थळावर शिल्लक राहतीलच असे नाही.

## टप्पा १: योजनेचा प्रकार ओळखणे

बाहेरून सारख्या दिसणाऱ्या या योजना आतून तीन वेगवेगळ्या प्रकारच्या असतात, आणि प्रत्येक प्रकारातील धोका वेगळा असतो.

पहिल्या प्रकारात मध्ये कंपनी असते. नाणी तिच्या ताब्यात जातात, ती कोणाला कर्ज द्यायचे हे ठरवते आणि तुम्हाला व्याज देते. सेल्सियस, ब्लॉकफाय, व्हॉयेजर या कंपन्या याच प्रकारातील होत्या. येथे मुख्य धोका कंपनीच्या निर्णयांचा आणि तिच्या दिवाळखोरीचा.

दुसऱ्या प्रकारात मध्ये माणूस नसून स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट, म्हणजे ब्लॉकचेनवर (सर्वांना दिसणाऱ्या सामायिक व्यवहारनोंदवहीवर) आपोआप चालणारा प्रोग्रॅम असतो. आवे आणि कंपाउंड ही त्याची परिचित उदाहरणे. ठेवीदारांची नाणी एका सामायिक साठ्यात जमा होतात, आणि कर्जदार आपण घेणार त्यापेक्षा जास्त किमतीचे तारण ठेवून त्या साठ्यातून उचल करतो. येथे मुख्य धोका प्रोग्रॅममधील त्रुटीचा आणि किंमत पुरवणाऱ्या यंत्रणेच्या बिघाडाचा. मार्च २०२३ मध्ये ऑयलर फायनान्समधून सुमारे १९.७ कोटी डॉलर किमतीची नाणी अशाच त्रुटीतून काढली गेली. पुढे ती बहुतांशी परत आली, पण ती परत येणे हा अपवाद समजावा.

तिसऱ्या प्रकारात कर्ज दिलेच जात नाही. कर्जव्यवहाराचा केवळ देखावा असतो. नव्या ठेवीदारांच्या पैशांतून जुन्यांना व्याज दिले जाते, किंवा पडद्यावर आकडे वाढताना दाखवले जातात आणि प्रत्यक्षात पैसे पहिल्याच दिवशी गेलेले असतात.

इशारा: ‘नाणी तुमच्याच वॉलेटमध्ये राहतील, फक्त एक परवानगी द्या’ असे सांगणारी योजना सर्वांत सुरक्षित वाटते आणि म्हणूनच ती फसवणुकीसाठी वापरली जाते. त्या एका परवानगीने समोरच्याला तुमच्या वॉलेटमधील विशिष्ट टोकन (ब्लॉकचेनवरील नाणे) अमर्याद प्रमाणात उचलण्याचा अधिकार मिळू शकतो. परवानगीच्या पडद्यावर रक्कम अमर्याद दिसत असेल तर ती मर्यादित करावी, आणि ती करता येत नसेल तर व्यवहार तेथेच सोडून द्यावा.

## टप्पा २: व्याज कोण भरतो ते शोधणे

हा या संपूर्ण मार्गदर्शकातील सर्वांत महत्त्वाचा टप्पा आहे आणि त्यावर घाई करू नये. व्याज हे कोणाचा तरी खर्च असते. तो खर्च कोण करतो आणि का करतो, हे दोन-तीन वाक्यांत स्वतःच्या शब्दांत लिहिता आले पाहिजे. लिहिता आले नाही, तर आपल्याला योजना समजलेली नाही, किंवा योजनेत समजण्यासारखे काही नाही.

खऱ्या कर्जव्यवहारात व्याज भरणारे कर्जदार साधारणपणे ठरावीक असतात. आपली नाणी विकायची नसलेला मनुष्य ती तारण ठेवून स्टेबलकॉइन, म्हणजे डॉलरसारख्या चलनाशी किंमत बांधलेले नाणे, उसने घेतो. किंमत पडेल असा अंदाज असलेला व्यापारी नाणे उसने घेऊन विकतो आणि स्वस्तात परत घेण्याची वाट पाहतो. बाजारात सतत खरेदी-विक्रीचे भाव लावून ठेवणाऱ्या संस्थांना खेळता साठा लागतो. दोन बाजारांतील भावाच्या फरकावर कमाई करणारे त्या फरकापुरते व्याज आनंदाने देतात. या सर्वांत एक गोष्ट समान आहे: त्यांची गरज बाजाराच्या तेजी-मंदीनुसार कमीजास्त होते, म्हणून ते देऊ शकणारा दरही कमीजास्त होतो.

ग्रेस्केल या अमेरिकी कंपनीच्या, बिटकॉइन साठवून त्यांवर युनिट देणाऱ्या ट्रस्टचे उदाहरण येथे उपयोगी आहे. त्या ट्रस्टचे युनिट दीर्घकाळ बाजारात त्यामागील बिटकॉइनच्या किमतीपेक्षा महाग विकले जात होते. त्यामुळे बिटकॉइन उसने घ्यायचे, ट्रस्टमध्ये भरून युनिट मिळवायचे, रोखून ठेवण्याची मुदत संपली की ते चढ्या भावाने विकायचे आणि कर्ज फेडायचे, असा व्यवहार मोठ्या संस्था करत होत्या. व्याजाचा हा स्रोत खराच होता. फेब्रुवारी २०२१ मध्ये मात्र तो चढा भाव नाहीसा झाला आणि युनिट उलट सवलतीत विकले जाऊ लागले. अशा वेळी स्रोत आटला तरी ठेवीदार पळून जाऊ नयेत म्हणून दर टिकवायचा, आणि तो टिकवण्यासाठी अधिकाधिक धोक्याच्या जागी कर्ज द्यायचे, हा मोह कर्ज देणाऱ्या कंपन्यांना होतो. माझ्या मते उंच दरापेक्षाही न हलणारा दर जास्त संशयास्पद आहे. ज्याचा स्रोत बाजारात आहे तो दर बाजाराबरोबर हलायलाच हवा.

न हलणाऱ्या दराचे मोठे उदाहरण म्हणजे अँकर प्रोटोकॉल ही स्मार्ट कॉन्ट्रॅक्टवर चालणारी योजना. टेरा या ब्लॉकचेनच्या यूएसटी या स्टेबलकॉइनवर तेथे वर्षाला सुमारे १९.५ टक्के दिले जात. कर्जदारांकडून येणारी रक्कम एवढे व्याज देण्यास पुरत नव्हती, म्हणून फरक एका राखीव निधीतून भरला जाई, आणि तो निधी संपत आल्यावर फेब्रुवारी २०२२ मध्ये त्यात सुमारे ४५ कोटी डॉलरची भर घालावी लागली. ही माहिती लपवलेली नव्हती. ब्लॉकचेनवर कोणालाही दिसत होती. मे २०२२ मध्ये यूएसटीची किंमत एका डॉलरवरून घसरत गेली, तेव्हा व्याजाबरोबर मुद्दलही गेले.

देखाव्याच्या योजनेत या प्रश्नाचे उत्तर नेहमी धूसर असते. बिटकनेक्टने आपल्याकडे चढउतारांवर कमाई करणारे खास सॉफ्टवेअर असल्याचे सांगून महिन्याला ४० टक्क्यांपर्यंत परताव्याचे आमिष दाखवले. ते सॉफ्टवेअर काय खरेदी करते, कोणत्या बाजारात, याचा पडताळा कोणालाच घेता येत नव्हता. जानेवारी २०१८ मध्ये कर्जयोजना बंद झाली. अमेरिकी तपासयंत्रणांच्या मते फसवणुकीचा आकडा सुमारे २४० कोटी डॉलर होता.

तपासणी: नोंदवहीत तीन ओळी लिहा. ‘व्याज भरणारा कोण?’ ‘तो एवढे व्याज का भरतो?’ ‘त्याची गरज संपली तर माझा दर काय होईल?’ उत्तरात ‘गुप्त तंत्र’, ‘कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारा बॉट’, ‘तज्ज्ञांची टीम’ असे शब्द आले तर तपासणी येथेच संपली. नवे सदस्य आणल्याबद्दल अनेक पातळ्यांवर कमिशन मिळत असेल, तर व्याज भरणारा म्हणजे पुढचा सदस्य, असे समजून चालावे.

## टप्पा ३: अटी व शर्ती वाचणे, आणि नेमके काय वाचायचे

अटी पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचण्याची गरज नाही, पण चार मुद्दे शोधून, ती कलमे शब्दशः उतरवून घेणे आवश्यक आहे.

पहिला मुद्दा मालकीचा. नाणी जमा केल्यावर त्यांची मालकी कंपनीकडे जाते का? ‘सर्व हक्क, मालकी आणि स्वामित्व कंपनीकडे हस्तांतरित होईल’ अशा अर्थाचे कलम असेल, तर तुम्ही ठेवीदार उरत नाही, कंपनीला विनातारण उसने देणारे, म्हणजे असुरक्षित धनको, होता. हा फरक केवळ शाब्दिक नाही. सेल्सियसच्या प्रकरणात अमेरिकी दिवाळखोरी न्यायालयाने ४ जानेवारी २०२३ रोजी निकाल दिला की, व्याज देणाऱ्या सुमारे ६ लाख खात्यांतील नाणी, ज्यांची किंमत सुमारे ४२० कोटी डॉलर होती, ती कंपनीच्या मालमत्तेचा भाग आहेत, कारण ग्राहकांनी मान्य केलेल्या अटींमध्ये तसे स्पष्ट लिहिले होते. ज्यांनी ‘मान्य आहे’ या बटणावर बोट ठेवले त्यांपैकी कितीजणांनी ते कलम वाचले असेल, याचा अंदाज करणे कठीण नाही.

दुसरा मुद्दा पैसे काढणे थांबवण्याच्या अधिकाराचा. जवळजवळ प्रत्येक कंपनी हा अधिकार राखून ठेवते. पाहायचे ते हे की, तो कोणत्या कारणासाठी वापरता येतो आणि त्याला कालमर्यादा आहे का. कारण आणि मर्यादा दोन्ही नसतील, तर ‘केव्हाही पैसे काढा’ या जाहिरातीला काही अर्थ उरत नाही.

तिसरा मुद्दा प्रतिपक्षाचा, म्हणजे करार नेमका कोणाशी आहे याचा. जेमिनी अर्न या योजनेत लोकांना व्यवहार जेमिनी या क्रिप्टो खरेदी-विक्रीच्या मंचाशी (एक्स्चेंजशी) आहे असे वाटत होते, पण नाणी जेनेसिस या दुसऱ्या कंपनीला कर्जाऊ दिली जात होती. जेनेसिसने १६ नोव्हेंबर २०२२ रोजी पैसे देणे थांबवले तेव्हा सुमारे ३ लाख ४० हजार ग्राहकांचे सुमारे ९० कोटी डॉलर अडकले. त्यांना नाण्यांच्या रूपात मोठी परतफेड मिळाली ती मे २०२४ मध्ये. निष्पत्ती बरी झाली, पण दीड वर्ष ज्या कंपनीकडे डोळे लावून बसावे लागले तिचे नाव अनेकांच्या लक्षातही नव्हते.

चौथा मुद्दा विम्याचा. ‘विमा असलेल्या बँकेत’ या शब्दांनी दिशाभूल होते. व्हॉयेजर कंपनी आपल्या ग्राहकांचे पैसे ठेव विम्याने संरक्षित असल्याचे सांगत होती. अमेरिकेच्या ठेव विमा महामंडळाने आणि फेडरल रिझर्व्हने जुलै २०२२ मध्ये तिला तसे सांगणे थांबवण्याचा आदेश दिला. तो विमा कंपनी ज्या बँकेत खाते ठेवत होती ती बँक बुडाली तर लागू होणारा होता. कंपनीच बुडाली तर त्याचा उपयोग नव्हता. चोरीविरुद्धचा विमा असेल तर तो कर्जदाराने पैसे बुडवल्यास लागू होत नाही, हेही तपासून घ्यावे.

इशारा: अटी कंपनीच्या ग्राहकसेवेकडून समजून घेऊ नयेत. तेथील मनुष्य जे सांगतो ते न्यायालयात टिकत नाही, लिहिलेले टिकते.

## टप्पा ४: तारण, साठा आणि बाहेर पडण्याची वाट

कंपनी पुढे कर्ज देताना किती तारण घेते, हे विचारा आणि उत्तर आकड्यांत मागा. ‘कर्जे साधारणपणे कर्जापेक्षा जास्त तारणावर दिली जातात’ अशा वाक्यावर समाधान मानू नये. ब्लॉकफायने नेमके असेच म्हटले होते. अमेरिकेच्या बाजार नियामकाच्या फेब्रुवारी २०२२ मधील आदेशानुसार संस्थांना दिलेल्या कर्जांपैकी अशा जादा तारणाची कर्जे २०१९ मध्ये सुमारे २४ टक्के, २०२० मध्ये १६ टक्के आणि २०२१ च्या पहिल्या सहामाहीत १७ टक्के एवढीच होती. व्हॉयेजरने थ्री अ‍ॅरोज कॅपिटल या एकाच कर्जदाराला १५,२५० बिटकॉइन आणि ३५ कोटी यूएसडीसी (डॉलरशी बांधलेले स्टेबलकॉइन) दिले होते, तेही विनातारण. तो कर्जदार कोसळला आणि महिना उलटण्याच्या आत व्हॉयेजरही.

तारण आहे एवढे कळून भागत नाही. ते कशाचे आहे हेही कळायला हवे. कंपनीचे स्वतःचे टोकन, किंवा तिच्या सहयोगी संस्थेचे टोकन, हे तारण म्हणून मोजले असेल तर तो आकडा वजा करून हिशेब करावा, कारण ज्या दिवशी तारणाची गरज पडते त्याच दिवशी त्या टोकनची किंमत पडते.

साठ्याचा पुरावा म्हणून प्रसिद्ध होणारे अहवाल उपयोगी असतात, पण अर्धेच. कंपनीकडे अमुक इतकी नाणी आहेत एवढेच ते दाखवतात. देणी किती आहेत आणि ती नाणी कोणाकडे गहाण आहेत का, हे दाखवतीलच असे नाही. देणी न सांगणारा साठ्याचा अहवाल आर्थिक स्थितीचे प्रमाणपत्र म्हणून धरू नये.

स्मार्ट कॉन्ट्रॅक्टच्या प्रकारात हीच तपासणी वेगळ्या पद्धतीने होते. साठ्यातील किती टक्के नाणी सध्या कर्जाऊ गेली आहेत हा वापराचा दर त्या संकेतस्थळावर उघड दिसतो. तो ९५ टक्के असेल तर त्या क्षणी सर्व ठेवीदारांना मिळून केवळ ५ टक्केच काढता येतात. अशा वेळी व्याजदर झपाट्याने वाढतो, तो कर्जदारांना परतफेडीस आणि नव्या ठेवीदारांना आत येण्यास भाग पाडण्यासाठीच. नवखा मनुष्य नेमका तो वाढलेला दर पाहून आत शिरतो आणि दार अरुंद झाले आहे हे त्याच्या लक्षात येत नाही. सुरक्षा लेखापरीक्षण झाले आहे का हे पाहावेच, पण सध्या चालू असलेल्या आवृत्तीचे झाले आहे की जुन्या, हेही पाहावे.

ठेवलेल्या नाण्यांच्या तारणावर पुन्हा कर्ज घेऊन ती रक्कम परत ठेवायची, असा फेरा मारून परतावा वाढवण्याचा सल्ला काहीजण देतात. त्यात तारणाची किंमत थोडी घसरली तरी लिक्विडेशन होते, म्हणजे तारण आपोआप आणि दंडासह विकले जाते. नवख्याने या वाटेला जाऊ नये. यावर अधिक लिहिण्याची आवश्यकता मला वाटत नाही.

तपासणी: मुदतबंद ठेव असेल तर मुदतीपूर्वी काढण्याची सोय, तिचा दंड, काढण्याची दैनिक मर्यादा, विनंतीपासून नाणी प्रत्यक्ष सुटेपर्यंतचा अवधी, आणि ज्या ब्लॉकचेनवरून ती येणार ती तुमच्या वॉलेटला चालते का, हे पाचही मुद्दे नोंदवहीत आले का?

## टप्पा ५: आता दर पाहणे

दर नेहमी वार्षिक करून पाहावा. दिवसाला १ टक्का हा आकडा दिसायला लहान आहे, पण व्याज पुन्हा गुंतवत गेल्यास १,००० डॉलरचे वर्षाअखेर सुमारे ३७,८०० डॉलर होतात. महिन्याला ४० टक्के म्हणजे वर्षात सुमारे ५७ पट. इतके व्याज भरून स्वतः नफ्यात राहणारा कर्जदार जगात असता, तर त्याला तुमच्या ठेवीची गरज काही महिन्यांतच उरली नसती.

दुसरे, व्याज कोणत्या नाण्यात मिळते ते पाहावे. वार्षिक ३० टक्के व्याज योजनेच्या स्वतःच्या टोकनमध्ये मिळत असेल आणि त्या टोकनची किंमत ९० टक्क्यांनी घसरली, तर प्रत्यक्षात ३ टक्केच हाती पडतात. मुद्दलही त्याच टोकनमध्ये बदलून घ्यावे लागले असेल, तर १,००० डॉलरचे व्याजासह १,३०० होऊन शेवटी १३० उरतात. टोकनला बाहेर खरा खरेदीदार आहे का हेही पाहावे. सेल्सियसच्या प्रकरणात न्यायालयाने नेमलेल्या तपासनीसाच्या अहवालानुसार कंपनीने स्वतःचे सेल टोकन विकत घेण्यावर किमान ५५.८ कोटी डॉलर खर्च केले होते. बाजारातील मागणी म्हणून दिसत होती ती मोठ्या प्रमाणात कंपनीचीच खरेदी होती.

तिसरे, तुलना. त्याच नाण्यावर त्याच दिवशी मोठ्या, उघड हिशेबाच्या प्रोटोकॉलवर काय दर आहे ते पाहून फरक लिहावा. तो फरक म्हणजे तुम्ही स्वीकारत असलेल्या जादा धोक्याची किंमत. मागील टप्प्यांत तो धोका कोणता हे सापडले नसेल, तर तो नाही असे नव्हे; तो तुम्हाला दिसलेला नाही.

## टप्पा ६: चाचणी ठेव

चाचणीचा हेतू व्याज मिळते का हे पाहण्याचा नसतो, कारण व्याज सुरुवातीला सगळेच देतात आणि ठकसेन तर जास्त तत्परतेने देतात. हेतू असतो तो बाहेर पडण्याची वाट एकदा स्वतः चालून पाहण्याचा.

१. लहान रक्कम पाठवावी. पत्ता चिकटवल्यावर त्याची पहिली आणि शेवटची काही अक्षरेच न पाहता मधलीही जुळवून पाहावीत, कारण मिळतेजुळते पत्ते तयार करून फसवण्याची पद्धत रूढ आहे.

२. व्याज जमा झाल्यावर व्याजासह संपूर्ण रक्कम काढावी. केवळ व्याज काढून मुद्दल ठेवणे ही येथील नेहमीची चूक. मुद्दल निघते का, हाच प्रश्न आहे.

३. नाणी स्वतःच्या वॉलेटमध्ये उतरली, आणि तेथून ती हवी तेव्हा दुसऱ्या नाण्यात किंवा चलनात बदलता आली, तरच चाचणी पूर्ण झाली असे समजावे.

४. स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट वापरले असेल तर दिलेली परवानगी रद्द करावी आणि ती रद्द झाल्याचे ब्लॉकचेनवर पाहून खात्री करावी.

इशारा: काढताना ‘आधी कर भरा’, ‘खाते सत्यापित करण्यासाठी अनामत पाठवा’, ‘वरच्या श्रेणीत गेल्यावरच काढता येईल’ असे सांगितले गेले, तर आणखी एक पैसाही पाठवू नये. खरे शुल्क रकमेतून वजा होते. ते वेगळे पाठवावे लागत नाही. आणि चाचणी यशस्वी झाली म्हणून योजना खरी ठरत नाही, अपयशी झाली तर मात्र ती खोटी ठरते.

## टप्पा ७: ठेवल्यानंतरची देखरेख

एकाच वेळी संपूर्ण रक्कम ठेवू नये. एकाच मुदतीत बांधू नये. मिळालेले व्याज पुन्हा गुंतवण्याऐवजी ठरावीक काळाने बाहेर काढत राहावे. त्यामुळे परतावा थोडा कमी होतो, पण बाहेरची वाट उघडी असल्याची खात्री दर वेळी आपोआप होते.

आठवड्यातून एकदा काही मिनिटे पुढील बदल पाहावेत: काढण्याच्या मर्यादेत कपात, विनंतीनंतरच्या अवधीत वाढ, कारण न देता अटींत दुरुस्ती, दीर्घ मुदतीसाठी अचानक वाढवलेला जादा दर, वरिष्ठ वित्त अधिकाऱ्यांचे राजीनामे, योजनेच्या टोकनची मोठी घसरण. यांपैकी एक आढळले तर लक्ष ठेवावे. दोन एकत्र आढळले तर आधी पैसे काढावेत आणि स्पष्टीकरणे नंतर ऐकावीत. ‘सर्व काही सुरळीत आहे, अफवांवर विश्वास ठेवू नका’ असे कंपनीप्रमुखाने जाहीरपणे सांगणे हे आश्वासन धरू नये. तसे सांगण्याची वेळ आली, एवढीच त्यातील माहिती.

## टप्पा ८: पैसे काढणे थांबले तर

पहिल्या दिवशी करायचे काम पुराव्याचे आहे. खात्यातील शिल्लक, सर्व व्यवहारांची यादी, व्यवहारांचे ब्लॉकचेनवरील क्रमांक, जमा केलेले पत्ते, कंपनीचे ईमेल आणि त्या दिवशीच्या अटी यांच्या प्रती लगेच उतरवून घ्याव्यात. संकेतस्थळ किती दिवस चालू राहील याचा भरवसा नसतो. ‘थांबलेल्या खात्यातील’ शिल्लक स्वस्तात विकत घेण्याचे प्रस्ताव आले तर घाईने काही करू नये.

त्यानंतर प्रकार ओळखावा. फसवणूक दिसत असेल तर पोलिसांच्या सायबर विभागाकडे आणि ज्या एक्स्चेंजमधून नाणी गेली त्याच्याकडे शक्य तितक्या लवकर तक्रार करावी, कारण नाणी दुसऱ्या एक्स्चेंजवर पोहोचून तेथे थांबलेली असतील तरच ती गोठवण्याची काही शक्यता असते. कंपनी दिवाळखोरीत गेली असेल तर न्यायालयाने नेमलेल्या यंत्रणेकडे दावा दाखल करायचा असतो आणि त्याची शेवटची तारीख चुकली तर हक्काची रक्कमही जाऊ शकते.

दाव्याची किंमत कशी धरली जाते हे समजून घ्यावे, कारण तेथे अनेकांचा अपेक्षाभंग होतो. सेल्सियसच्या प्रक्रियेत दावे १३ जुलै २०२२ या दिवाळखोरी अर्जाच्या दिवशीच्या डॉलर किमतीने मोजले गेले. त्या सुमारास एक बिटकॉइन २० हजार डॉलरच्या आसपास होते; परतफेड सुरू झाली तेव्हा ते ४० हजारांच्या वर गेले होते. एका बिटकॉइनवर दावा सांगणाऱ्याला म्हणूनच एक बिटकॉइन परत मिळाले नाही. उलट बाजूने, बंद होण्यापूर्वीच्या ९० दिवसांत ज्यांनी मोठ्या रकमा काढून घेतल्या होत्या, त्यांच्याकडे त्या परत मागण्याची तरतूद अमेरिकी दिवाळखोरी कायद्यात आहे आणि सेल्सियसच्या प्रकरणात ती वापरली गेली. वेळेवर बाहेर पडलेल्यांनीही आपल्या नोंदी जपून ठेवाव्यात, त्या याच कारणासाठी.

अडकलेल्या लोकांच्या याद्या बाहेर फुटतात आणि त्यांना दुसऱ्यांदा लक्ष्य केले जाते. ‘तुमची रक्कम मंजूर झाली, वॉलेट जोडा’ असे ईमेल, परतफेड करणाऱ्या यंत्रणेच्या नावाची बनावट संकेतस्थळे, आणि आगाऊ शुल्क घेऊन नाणी परत मिळवून देणारे ‘तज्ज्ञ’ ही त्याची नेहमीची रूपे आहेत. दाव्यासंबंधीचा प्रत्येक संदेश न्यायालयाच्या अधिकृत प्रकरण-संकेतस्थळावर स्वतः पत्ता टाइप करून पडताळावा, ईमेलमधील दुव्यावर जाऊ नये, आणि परवलीचे शब्द कोणत्याही दावा-अर्जात भरू नयेत. खऱ्या अर्जात ते कधीच मागितले जात नाहीत.